पिनबॉलचे यंत्र आणि त्याची निगा

अमेरिकेतील मोठ्या शहरांतून आणि समुद्रकाठच्या करमणुकीच्या ठिकाणांतून नाणी टाकून खेळावयाच्या यंत्रांची दालने असतात. या दालनांत पिनबॉल हे यंत्र फार जुने आणि आजही चाहते टिकवून असलेले आहे. कमरेइतक्या उंचीवर बसविलेली, वरून काचेने झाकलेली एक उतरती फळी. तिच्यावर धावणारी सुमारे २७ मिलिमीटर व्यासाची, ऐंशी ग्रॅमच्या आसपास वजनाची पोलादी गोळी. आणि ती गोळी खालच्या फटीतून निसटू न देता पुनःपुन्हा वर टोलविणारी दोन लहान वल्ही. या वल्ह्यांना 'फ्लिपर' म्हणतात. पेटीच्या दोन्ही बाजूंची बटणे दाबली की ती उचलली जातात. वरच्या भागातील खुंट, कमानी आणि लक्ष्ये यांवर गोळी आदळली की गुण वाढतात, घंटा वाजतात, दिवे लागतात. खेळ एवढाच. परंतु एकाच कारखान्यातून, एकाच महिन्यात बाहेर पडलेली दोन यंत्रे शेजारी ठेवली, तर काही वर्षांनी ती दोन निराळे खेळ झालेली असतात. हा फरक कोठून येतो? त्याचे उत्तर यंत्राच्या निगेत आहे.

या खेळाचा पूर्वज म्हणजे बॅगाटेल हा टेबलावरचा खेळ. १८७१ साली सिनसिनाटी येथील माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी बॅगाटेलमधील सुधारणांचे पेटंट घेतले. स्प्रिंगच्या दट्ट्याने गोळी वर उडविण्याची युक्ती त्यात होती. १९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांच्या 'बॅफल बॉल' या यंत्राने नाणे टाकून खेळण्याची टूम देशभर पसरविली. त्या काळी फ्लिपर नव्हते. गोळी एकदा सुटली की ती खिळ्यांच्या गर्दीतून वाट काढीत खाली येई. खेळाडूच्या हाती दट्टा ओढणे आणि पेटीला धक्का देणे एवढेच राही. अशा यंत्रात एखादा खिळा जरी किंचित वाकला, तरी गोळीची वाट बदलत असे. १९४७ साली गॉटलीब यांच्याच कारखान्याने 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रावर सहा फ्लिपर बसविले. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी 'ट्रिपल अॅक्शन' या यंत्रात तळाशी दोन फ्लिपर ठेवले आणि आजची मांडणी रूढ होऊ लागली. फ्लिपर आले आणि दैवाच्या खेळात कौशल्याने पाऊल टाकले. पण त्याबरोबरच हे कौशल्य एका विद्युच्चुंबकाच्या तब्येतीवर अवलंबून राहिले.

बटण दाबताच फ्लिपरखालच्या तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहते, वेटोळे लोखंडी दांडीला आत ओढते आणि फ्लिपर उसळतो. जुन्या यंत्रांत या वेटोळ्याचे दोन भाग असतात. एक जाड तारेचा, जोराचा फटका देणारा. दुसरा बारीक तारेचा, उचललेला फ्लिपर थोड्या विजेवर धरून ठेवणारा. फ्लिपर पुरता उचलला गेला की एक लहानसा स्विच उघडतो आणि जोराच्या भागाचे काम थांबते. सारी मेख या स्विचात असते. त्याच्या टोकांवर काजळी धरली, तर जोराचा भाग नीट कामालाच लागत नाही आणि फ्लिपर मरगळतो. उलट तो वेळेवर उघडलाच नाही, तर वेटोळे तापते आणि जळते. याखेरीज दांडी ज्या लोखंडी ठोकळ्यावर आदळते तो हजारो आघातांनी चेपतो, सांध्यांतील बिजागऱ्या झिजून सैल होतात आणि फ्लिपरला एक बारीकशी ढिलाई येते. डोळ्यांना ती दिसत नाही. हाताला मात्र जाणवते. सराईत खेळाडू गोळी उचललेल्या फ्लिपरवर अडवून धरतो, क्षणभर स्थिर करतो आणि मग नेम धरून सोडतो. ढिल्या फ्लिपरवर हा नेम चुकतो. मरगळलेल्या फ्लिपरने मारलेली गोळी उंच चढणीच्या अर्ध्यावरून परत येते. खेळाडूला वाटते, हात चुकला.

फळीचे म्हणणेही असेच आहे. कॅरम खेळणारास हे सांगावे लागत नाही. पावडर नसलेल्या फळीवर सोंगट्या कशा अडखळतात, हे घराघरांतून ठाऊक आहे. पिनबॉलच्या फळीला पावडर चालत नाही. तिला ब्राझीलमधील कार्नाउबा ताडाच्या पानांपासून मिळणाऱ्या मेणाचा पातळ हात देतात. गोळी सतत धावत असल्याने रबराचा चुरा, धातूची भुकटी आणि वेटोळ्यांभोवतीची काळी धूळ फळीवर पसरते. ती वेळच्या वेळी पुसली नाही, तर गोळीच्या वाटांवर काळे पट्टे उमटतात आणि तिचा वेग मंदावतो. गोळीला ओरखडे पडले म्हणजे तर ती कानशीसारखी फळीवरील रंग खरवडू लागते. रंग गेला की लाकूड उघडे पडते. मग त्या फळीला पूर्वीचे रूप देणे फार कष्टाचे काम होते. जी गोळी बदलण्यास थोडे पैसे पुरले असते, तिच्या आळसापायी अशी सबंध फळी जाते.

रबराच्या कड्यांचे आयुष्यही मोजकेच. ताजे रबर गोळीला चपळ उसळी देते. जुने रबर कडक होते, त्याला भेगा पडतात आणि आदळलेली गोळी निर्जीवपणे खाली पडते. आणखी एक गोष्ट नवख्या कारागिराला चकविते. यंत्र म्हटले की वंगण, ही समजूत येथे उपयोगी पडत नाही. फ्लिपरच्या दांडीवर तेल सोडले, तर ते धूळ धरते, चिकट होते आणि दांडी अडकू लागते. तेथे कोरडी स्वच्छता हीच खरी निगा.

पेटीचा उतार हाही निगेचाच भाग. अलीकडच्या यंत्रांना साधारण साडेसहा अंशांचा उतार देतात. मागचे पाय थोडे उंच केले तर गोळी वेगाने येते, थोडे खाली घेतले तर ती रेंगाळते. दालनाची जमीन एका बाजूस झुकलेली असेल, तर गोळी सदा एकाच अंगाला कलंडते. असाच बारकावा 'टिल्ट'चा. पेटीला धक्के देणाऱ्या खेळाडूंना आवरण्यासाठी हॅरी विल्यम्स यांनी १९३०-४० च्या दशकात ही योजना आणली. तिच्या रूढ झालेल्या रूपात पेटीच्या आत एक लंबक धातूच्या कड्यामध्ये टांगलेला असतो. पेटी फार हलली, तर लंबक कड्याला टेकतो, मंडल पुरे होते आणि फ्लिपर निष्प्राण होऊन हातची गोळी जाते. परंतु हलका धक्का देणे हे या खेळातील मान्य कसब आहे. किती धक्का क्षम्य आणि किती नाही, हे लंबक वर-खाली सरकविणारा कारागीर ठरवितो. खेळाचा एक नियमच असा त्याच्या हाती असतो.

दिव्यांचेही तेच. कोणते लक्ष्य आत्ता अधिक गुणांचे आहे, हे खेळाडूला दिवा सांगतो. दिवा गेला की नियम मुका होतो. लक्ष्यामागील स्विचाची पाती वाकली, तर अचूक नेम लागूनही गुण चढत नाहीत. संगणकाची जोड मिळालेली पुढील काळातील यंत्रे दीर्घकाळ न जागणारा स्विच स्वतःच हेरून मालकाला कळवितात. पण कळविलेले ऐकणारा माणूस असावा लागतो. या यंत्रांची आणखी एक दुखरी जागा म्हणजे स्मरण टिकविण्यासाठी बसविलेल्या बॅटऱ्या. त्या वेळेवर काढल्या नाहीत, तर आतील द्रव पाझरून मौल्यवान विद्युत-पट्टी खातो.

ही सारी निगा केवळ हौसेची बाब नाही, हे एका जुन्या वादावरून ध्यानात येते. १९४२ साली न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला ग्वार्डिया यांच्या कारकिर्दीत पिनबॉलवर बंदी आली. हा कौशल्याचा खेळ नसून दैवावर चालणारा जुगार आहे, असा आक्षेप होता. पोलिसांनी यंत्रे घणांनी फोडली. ही बंदी १९७६ सालापर्यंत टिकली. त्या वर्षी नगरपरिषदेच्या समितीपुढे रॉजर शार्प या तरुण लेखकाने प्रत्यक्ष यंत्रावर खेळून दाखविले. अखेरीस त्याने गोळी वरच्या कोणत्या वाटेतून जाईल हे आधी सांगून दट्टा ओढला, आणि गोळी तेथूनच गेली. त्या फटक्यात दैवाचाही हात होता, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. तरी समितीचे समाधान झाले आणि बंदी उठली. आता असा विचार करावा की, त्या दिवशी दट्ट्याची स्प्रिंग थकलेली असती किंवा पेटी एका बाजूस कललेली असती, तर? सुस्थितीतील यंत्र हा कौशल्याचा खेळ आहे, आणि तेच यंत्र हयगयीत पडले की पुन्हा दैवाचा खेळ होते. ला ग्वार्डिया यांचा आक्षेप कायद्याने खोडून काढता आला. पण तो खोटा ठरविण्याचे काम दररोज पान्याने आणि फडक्याने करावे लागते.

मग हयगय का होते? पुष्कळ ठिकाणी यंत्र एकाचे आणि जागा दुसऱ्याची असते. पेटीतील नाणी दोघे वाटून घेतात. साफसफाईचा खर्च आज दिसतो, तिचा लाभ हळूहळू उमगतो. त्यात १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८० साली 'पॅक-मॅन' हे पडद्यावरचे खेळ आले. त्यांत हलणारे भाग थोडे, म्हणून दुरुस्तीही थोडी. मालकांचा कल तिकडे गेला. १९९९ साली विल्यम्स कंपनीने पिनबॉलची निर्मिती थांबविली आणि काही वर्षे स्टर्न हा एकच मोठा कारखाना उरला. त्यानंतर खेळाला पुन्हा बरे दिवस आले. लास व्हेगास येथे टिम आर्नल्ड यांनी उभारलेल्या 'पिनबॉल हॉल ऑफ फेम' या संग्रहालयात जुनी यंत्रे काचेआड ठेवलेली नाहीत. ती नाणे टाकून खेळता येतात. खेळत ठेवायची म्हणजे दुरुस्त करीत राहावयाचे, हे तेथे गृहीतच आहे.

खेळाडू हरला की तो स्वतःला दोष देतो किंवा नशिबाला. मरगळलेल्या फ्लिपरची त्याला खबर नसते, आणि त्याचे नाणे तर पेटीत पडलेले असते. म्हणून एखाद्या दालनात यंत्रावर 'बंद आहे' अशी चिठ्ठी चिकटविलेली दिसली, तर तिने निराश होऊ नये. तेथे यंत्र तपासणारा कोणी आहे, आणि बिघडलेल्या खेळाचे पैसे न घेण्याइतका तो प्रामाणिक आहे, एवढे त्या चिठ्ठीवरून कळते. शेजारच्या यंत्रावर नाणे टाकण्यास तेवढा भरवसा पुरेसा आहे.