मेढेकोट ओळखायचा कसा?

वसईतल्या नंदाखाल–आगाशी पट्ट्यात एखाद्या वाडीत लांबट खोलगट जागा दिसली की ती जुन्या मेढेकोटाचा, म्हणजे लाकडी मेढी रोवून उभारलेल्या कोटाचा, खंदक असावा, असं वाटणं साहजिक आहे. पण वसईच्या वाड्यांत शिंपणासाठी बावखलं, म्हणजे पाणी साठवायची तळी, खणली जात. त्यातून निघालेल्या मातीच्या उंचवट्यालाही कुणी तट समजू शकेल. त्यामुळे नुसत्या आकारावरून निर्णय देणं मला धोक्याचं वाटतं.

लाकडी कोट कोकणाला नवे नाहीत. राजापुरीच्या खाडीतल्या बेटावर कोळ्यांचा नायक राम पाटील याने मेढेकोट उभारला, आजचा जंजिरा नंतरचा, असं परंपरा सांगते. दमट हवेत आणि वाळवीपुढे लाकूड टिकत नाही. मागे राहतात ते मेढी रोवलेले खड्डे. लाकूड कुजल्यावर तिथली माती भोवतीपेक्षा काळपट आणि भुसभुशीत होते. पृष्ठभाग हलक्या हाताने, थराथराने खरवडला तर असे गोल डाग एका ओळीत दिसतात. ती रांग, तिला समांतर खंदक आणि खंदकाच्या तळाच्या गाळातली खापरं, हे तिन्ही जुळलं तरच दावा बळकट होतो. जळका कोळसा मिळाल्यास कार्बन कालमापन करता येतं, मात्र त्यातून लाकूड कधी वाढलं ते कळतं, बांधकाम कधी झालं ते नव्हे.

वेल्समधल्या हेन डोमेन इथे फिलिप बार्कर यांनी 1960 पासून अनेक दशकं असंच खरवडत लाकडी किल्ला उलगडला. वाडीत जेसीबी फिरला, तर हे डाग तासाभरात नाहीसे होतात.