मासिक पाळीचें दुखणें

हा विषय एका निवृत्त शिक्षकानें बोलावा काय, अशी शंका कांहीं घरांत निघेल. परंतु मुलींचा हजेरीपट ज्यानें वर्षानुवर्षें भरला, त्यास कांहीं नांवांपुढें महिन्याच्या अंतरानें पडणारे खाडे दिसल्यावांचून राहत नाहींत. चिठ्ठींत 'पोटदुखी' एवढाच शब्द असतो. लहानांची समजूत 'कावळा शिवला' म्हणून घालावयाची आणि मुलीस 'बाईच्या जातीला सोसावेंच लागतें' म्हणून सांगावयाचें, ही आपली जुनी रीत. या सोसण्यापायीं किती परीक्षा बुडतात, याचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाहीं.

ही वेदना म्हणजे मनाची दुबळीक नव्हे. गर्भाशय हा स्नायूंचा बनलेला अवयव आहे. पाळीच्या वेळीं त्याच्या अस्तरांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. त्यांच्यामुळें स्नायू आवळले जातात, त्यांचा रक्तपुरवठा घटतो आणि कळा येतात. हींच द्रव्यें आंतड्यांवरहि परिणाम करितात, म्हणून मळमळ व जुलाब होतात. १९७१ सालीं इंग्लंडांत जॉन व्हेन यांनीं दाखविलें कीं, अ‍ॅस्पिरिनसारखीं औषधें या द्रव्यांची उत्पत्तीच रोखतात. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले. आयबुप्रोफेन व मेफेनॅमिक आम्ल हीं त्याच वर्गांतील. आतां यांतील मर्म पाहा. कळा असह्य झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग कमी, कारण द्रव्य आधींच तयार झालेलें असतें. दुखूं लागतांच, कांहीं खाऊन, डॉक्टरांनीं सांगितलेल्या प्रमाणांत, एक-दोन दिवस ठराविक अंतरानें ती घ्यावयाची असते. 'अगदींच सोसवेना तर देऊं' हें आयांचें धोरण मायेचें असेल, शास्त्राचें नव्हे. ज्यांस पोटांत व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा अशा गोळीनें उठणारा दमा आहे, त्यांनीं ती परस्पर घेऊं नये. ओटीपोट शेकण्याचा आजीबाईंचा उपाय मात्र कसोटीस उतरला आहे.

पाळीचें अंतर पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजतात. आरंभींचीं दोन-तीन वर्षें तें २१ ते ४५ दिवस असूं शकतें. पुढें २१ ते ३५. तीन महिने पाळी आली नाहीं, किंवा पंधरावें वर्ष उलटूनहि सुरूच झाली नाहीं, तर वाट पाहूं नये. थायरॉईडचा दोष, बीजकोशांशीं निगडित पीसीओएस हा विकार, अतिरेकी उपासमार, गर्भधारणा अशीं कारणें अनेक. गौरी-गणपतींत पाळी लांबविण्याच्या गोळ्या दुकानांतून परस्पर आणण्याची चाल मला मुळींच पसंत नाहीं. रक्तांत गुठळी होण्याचा धोका असलेल्या स्त्रीस त्या घातक ठरूं शकतात.

कांहीं वेळां गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. यास एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें प्रजननक्षम वयांतील सुमारें १० टक्के स्त्रियांस हा विकार असतो. दुखणें वर्षागणिक वाढतें, पाळी नसतांहि उठतें, शौचाच्या वेळीं कळ येते. 'लग्न झालें कीं थांबेल' या आश्वासनावर वर्षें निघून जातात, आणि कित्येकींस पुढें मूल होण्यासच अडचण येते.

ज्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब मांडतां, तिच्यावरच पाळीच्या दिवसांची खूण करावी, किती दुखलें व शाळा बुडली काय तेंहि लिहावें, आणि तीन-चार महिन्यांचीं पानें डॉक्टरांपुढें ठेवावीं. तेथें मुलीस स्वतः बोलूं द्यावें; 'तसें फारसें नाहीं हो' असें आईनें मध्येंच सांगूं नये.