गुणगुणणारा ब्रश आणि सरकारी पैसा

‘सोनिकेअर’चा विजेवरचा टूथब्रश दातांना लावला की गुणगुणतो. त्याचे केस मिनिटाला सुमारे ३१ हजार वेळा थरथरतात, त्यामुळे तोंडातलं पाणी फटींतही घुसळलं जातं. १९८०च्या दशकाअखेरीस सिअ‍ॅटल परिसरात एका चिमुकल्या कंपनीनं वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्राध्यापकांसोबत तो घडवायला घेतला. त्याला पैसा लागला, तो काही अंशी अमेरिकी सरकारचा.

अशा कंपनीला बँक दारात उभं करत नाही. तारण ठेवायला असतं काय? म्हणून १९८२च्या कायद्यानं मोठं संशोधन-बजेट असलेल्या सरकारी खात्यांना त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी राखायला लावला. पुढे तो ३.२ टक्क्यांवर गेला.

पेरणीआधी शेतकरी गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण बघतो, तसा या राखीव पैशाच्या योजनेचा पहिला टप्पा: थोडी रक्कम, काही महिने, कल्पना चालते का एवढंच तपासायचं. चालली, तर दुसऱ्या टप्प्यात साधारण दोन वर्षांसाठी मोठा निधी. हे कर्ज नाही, आणि सरकार कंपनीत भागीदारीही मागत नाही (मला ही उदारता शहाणपणाची वाटते). तिसऱ्या टप्प्यात मात्र या योजनेचा पैसा थांबतो. बाजार स्वतःच्या जोरावर गाठायचा. ब्रशला ते जमलं. नव्या औषधाची दमछाक इथेच होते, कारण माणसांवरच्या मोठ्या चाचण्या सगळ्यात महाग.