संख्यानामांची घडण आणि मुलांचे गणित

शब्दांची घडण हा केवळ व्याकरणाचा विषय आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात हा विषय प्राथमिक शाळेतील गणिताच्या तासालाही येऊन भिडतो. तो कसा, हे आपण पाहू.

शिक्षक तोंडी उदाहरण घालतात : 'त्रेपन्न अधिक बारा'. मूल पाटीवर ३५ + १२ असे मांडते आणि ४७ हे उत्तर लिहिते. उत्तर चुकले, बेरीज मात्र बिनचूक आहे. चूक झाली ती संख्या ऐकून लिहिताना. अशा मुलाला 'गणितात कच्चे' ठरवण्यापूर्वी मराठी संख्यानामांची पुढील तीन वैशिष्ट्ये लक्षात घ्यावीत.

१. उलटा क्रम : 'त्रेपन्न' या शब्दात तीन आधी येतात, पन्नास नंतर. अंकांत लिहिताना मात्र पाच आधी लिहावा लागतो.

२. रूपबदल : संस्कृत-प्राकृतातून येताना संख्यानामांत ध्वनिपरिवर्तने झाली. 'दोन'चा अर्थ बावीसमध्ये 'बा', बेचाळीसमध्ये 'बे', तर ब्याण्णवमध्ये 'ब्या' या रूपांनी व्यक्त होतो. 'सत्तर'चे बाहत्तरमध्ये 'हत्तर' होते. त्यामुळे शंभरपर्यंतची बहुतेक नावे मुलाला सुटी सुटी पाठ करावी लागतात.

३. दडलेली वजाबाकी : 'एकोण' म्हणजे एक ऊन, एकाने कमी. एकोणतीस म्हणजे २९. पण 'तीस' ऐकून मूल ३९ लिहिते. शिवाय एकोणनव्वदनंतर हा नियमही मोडतो आणि ९९ला आपण नव्याण्णव म्हणतो.

शेजारच्या कन्नडमध्ये २३ला 'इप्पत्तमूरु', म्हणजे वीस-तीन, असे म्हणतात. तेथे उच्चार आणि लेखन यांचा क्रम एकच राहतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनपद्धती देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी मुलांच्या सोयीसाठी या पद्धतीचे समर्थन केले; भाषेची मोडतोड होते, असा विरोधकांचा आक्षेप होता. दोन्ही बाजूंची चिंता समजण्यासारखी आहे.

रूढ नावे न टाकताही मुलाला मदत करता येते. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करावेत. पाच गठ्ठे व तीन सुट्या काड्या समोर ठेवून आधी 'पाच दशक, तीन एकक' म्हणवून घ्यावे, मग 'त्रेपन्न' म्हणावे आणि शेवटी ५३ लिहावे. शब्द, वस्तू आणि अंक यांची सांगड बसली, की उलटा क्रम अडसर ठरत नाही.

गणितातील प्रत्येक अडचण भाषेमुळेच येते, असे नाही. शून्याचे स्थान, हातचा, नापास होण्याची भीती हीदेखील कारणे आहेत. परंतु आपल्यापैकी अनेक जण पालक आहेत, काही शिक्षकही असतील. लहानपणी बसलेला 'कच्चा' हा शिक्का मोठेपणीही पुसत नाही, हा अनुभव कदाचित आपल्यालाही असेल. म्हणून उत्तरावर फुली मारण्यापूर्वी मुलाने काय ऐकले, ते विचारावे.

स्वयंअध्ययन : ३१ ते ३९ ही संख्यानामे लिहा. प्रत्येकातील एककवाचक व दशकवाचक अंश वेगळे करून त्यांतील रूपबदल नोंदवा.