सरोवराचें अजीर्ण

जलाशय मरतो तो विषानें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कारखान्यांतील एखादें घातक द्रव्य पाण्यांत मिसळलें आणि मासे मेले, म्हणजे कारण उघडच असतें. परंतु विषाचा थेंबही न पडतां, केवळ खाऊं घालूनच सरोवराचा प्राण घेतां येतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मनुष्यास उपासाप्रमाणें अजीर्णही बाधतें. सरोवराचेंही तसेंच आहे.

निर्मळ सरोवराचें पाणी हें वस्तुतः गरीब पाणी होय. शेवाळाचें खाद्य त्यांत बेताचेंच असतें. सांडपाण्याबरोबर किंवा शेतांतील खताबरोबर नत्र व स्फुरद, म्हणजे नायट्रोजन व फॉस्फरस, वाहून येऊं लागले म्हणजे शेवाळ बेसुमार माजतें. हिरवळीनें कोणाचें काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. बिघडतें तें पुढें. मेलेलें शेवाळ तळाशीं बसतें. त्यास कुजविणारे जंतु पाण्यांतील प्राणवायु संपवितात आणि खोल पाण्यांतील मासे गुदमरतात. प्राणवायु नाहींसा झाला कीं तळच्या गाळानें धरून ठेवलेला स्फुरदही सुटतो व नव्या शेवाळाचें पोषण करतो. अशा रीतीनें रोगच रोगास पोसूं लागतो.

अमेरिकेंतील सिॲटल शहराच्या पूर्वेस वॉशिंग्टन नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. कांठचीं गांवें आपलें सांडपाणी शुद्ध करून त्यांत सोडीत. शुद्धीकरणानें घाण जाई. स्फुरद मात्र बराचसा राही. १९५५ सालीं तेथील प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमन्सन व त्यांचे सहकारी यांस या पाण्यांत 'ऑसिलेटोरिया रुबेसेन्स' नांवाचें सूक्ष्म शेवाळ आढळलें. स्वित्झर्लंडांतील झुरिक सरोवर बिघडूं लागलें तेव्हां हेंच शेवाळ तेथें प्रगट झालें होतें. एडमन्सन यांनीं ती सूचना ओळखली व लोकांस समजावून सांगितली. १९५८ च्या मार्चमध्यें नागरिकांनीं सुधारणेची योजना फेटाळली; सप्टेंबरमध्यें तीच आटोपशीर रूपांत मान्य केली. १९६३ पासून १९६८ पर्यंत सांडपाणी टप्प्याटप्प्यानें सरोवराबाहेर वळविण्यांत आलें. १९६३ च्या उन्हाळ्यांत पाण्यांत सोडलेली पांढरी तबकडी सुमारें एक मीटरावर दिसेनाशी होई. १९६८ मध्यें ती जवळजवळ तीन मीटरांपर्यंत दिसूं लागली, आणि पुढील दशकांत त्याहूनही पुष्कळ खोल.

परंतु मुख्य अपराधी स्फुरदच कशावरून? कपडे धुण्याच्या पावडरींत फॉस्फेट घालणारे कारखानदार कर्बाकडे बोट दाखवीत होते. १९७३ सालीं कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत डेव्हिड शिंडलर यांनीं २२६ क्रमांकाच्या एका लहानशा तळ्यांत मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोहोंत कर्ब व नत्र घातले. एकांत मात्र त्यांच्या जोडीस स्फुरदही घातला. स्फुरदाचा भाग शेवाळानें हिरवा झाला, दुसरा स्वच्छ राहिला. वरून काढलेल्या एका छायाचित्रानें जें पटविलें, तें शब्दांच्या वादानें पटलें नसतें.

वॉशिंग्टन सरोवर खोल आहे, आणि डोंगरांतील स्वच्छ नद्या त्याचें पाणी पालटीत असतात. म्हणून तें लवकर सावरलें. उथळ तळ्यांत वर्षानुवर्षांचा गाळ सांचलेला असतो. तेथें सांडपाणी थांबविल्यावरही आराम पडण्यास फार काळ लागतो. तेव्हां पथ्य पाळावयाचें तें रोग जडण्यापूर्वींच. आपल्या मोरींतून वाहणारें पाणी कोणत्या जलाशयास मिळतें, आणि तत्पूर्वी त्यांतील स्फुरद काढण्याची कांहीं व्यवस्था आहे काय, हें प्रत्येक कुटुंबानें आपल्या नगरपालिकेस अवश्य विचारावें. सिॲटलच्या नागरिकांनीं हा प्रश्न वेळींच हातीं घेतला, म्हणून त्यांचें सरोवर वांचलें.