नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार : पारख कशी करावी ?

जमिनीचा मोबदला खात्यांत जमा झाला, कीं आठ दिवसांच्या आंत दारांत मोटारी उभ्या राहूं लागतात. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग 701 किलोमीटर लांबीचा. तो दहा जिल्ह्यांतून गेला, आणि वाटेवरील पुष्कळ शेतकरी बंधूंच्या हातीं एकरकमी मोठा पैसा आला. बैल घेतांना आपण दांत पाहतों, खांदा पाहतों, चालवून पाहतों. पैशाचा सल्ला घेतांना मात्र नुसत्या गोड बोलण्यावर भागवितों, हें नवल होय.

या धंद्यावर सेबीचें, म्हणजे भारतीय प्रतिभूति व विनिमय मंडळाचें, नियंत्रण आहे. 2013 सालच्या नियमांन्वयें, कांहीं अपवाद वगळतां, शुल्क घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणारास नोंदणी करावी लागते. त्याचा क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनीं सुरू होतो. पूर्वीं वित्त, वाणिज्य, अर्थशास्त्र इत्यादि विषयांतील पदव्युत्तर शिक्षण, आणि पांच वर्षांचा अनुभव, अशी अट असे. डिसेंबर 2024 मध्यें ती सैल झाली व अनुभवाची अट गेली. पदवी व राष्ट्रीय प्रतिभूति बाजार संस्थेची परीक्षा तेवढी राहिली. आमच्या मतें हें फारसें बरें झालें नाहीं. गृहस्थानें आजवर कोठें व काय काम केलें, हें विचारण्याचा भार आतां गिऱ्हाइकावरच आला.

दारीं येणारे बहुतेक सल्लागार नसतातच. म्युच्युअल फंडाच्या वितरकाजवळ 'एआरएन' क्रमांक असतो. विमा प्रतिनिधी आणखी निराळा. त्यांचा धंदा कायदेशीर आहे, परंतु त्यांची दलाली कंपनी देते, आणि ओढाही साहजिकच तिकडे असतो. व्यक्तिशः नोंदलेल्या सल्लागारास आपल्या गिऱ्हाइकाच्या गुंतवणुकीवर अशी दलाली घेतां येत नाहीं. तो गिऱ्हाइकाकडून शुल्क घेतो, तें रोखीनें नव्हे, आणि लेखी करार झाल्यावरच. अमुक टक्के हमखास देतों, असें म्हणण्याची त्यास मनाई आहे. गुंतवणुकीची रक्कम स्वतःच्या खात्यांत भरावयास सांगणारा तर उंबऱ्यावरूनच परत पाठवावा.

दुसऱ्याचा खरा क्रमांक आपला म्हणून सांगणारे भामटेही आढळतात. यासाठीं सेबीच्या संकेतस्थळावरील यादींत क्रमांकासमोरील नांव व पत्ता ताडून पहावा, व त्या यादींतील दूरध्वनीवरच बोलावें. दारीं मिळालेल्या चिठ्ठीवरील नव्हे.