पावती प्रिंटर ड्रायव्हर

पावती प्रिंटर ड्रायव्हर हे संगणकातील मजकूर पावती छापणाऱ्या प्रिंटरला समजेल अशा आज्ञांमध्ये रूपांतरित करणारे सॉफ्टवेअर आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत दुग्धव्यवसाय महत्त्वाचा आहे. संगणकीकृत दूध संकलन केंद्रावरील पावतीत लिटर, फॅट, एसएनएफ, दर व रक्कम यांची नोंद असते. नंतर मिळणारे बिल ताडून पाहण्यासाठी उत्पादकाच्या हाती हीच नोंद असल्याने ती सुवाच्य असणे आवश्यक ठरते.

कार्यपद्धती
बहुतेक पावती प्रिंटर औष्णिक असतात. त्यांत शाई नसते. उष्णतेने काळा होणारा लेप कागदाच्या एका बाजूस असतो. एप्सन या जपानी कंपनीची ईएससी/पीओएस ही आज्ञावली इतर अनेक उत्पादकही वापरतात. छपाई सामान्यतः दर मिलिमीटरला ८ बिंदू इतकी असते. त्यामुळे ८० मिमी रुंद कागदावर ५७६, तर ५८ मिमी कागदावर ३८४ बिंदूंची ओळ बसते.

देवनागरी छपाई
अनेक प्रिंटरांच्या स्मृतीत देवनागरी अक्षरसंच नसतो. अशा प्रिंटरला मजकूर थेट पाठवल्यास अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे किंवा निरर्थक चिन्हे उमटतात. विंडोजमधील ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर निवडल्यासही हाच दोष आढळतो. उत्पादकाचा ड्रायव्हर मात्र युनिकोड मजकुराचे चित्र तयार करून ते बिंदूंच्या रूपात पाठवू शकतो. त्यामुळे जोडाक्षरे व मात्रा शाबूत राहतात.

स्थापना
प्रिंटरचे मॉडेल आणि संगणकाची कार्यप्रणाली यांना अनुरूप ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेतला जातो. स्थापनेच्या वेळी योग्य पोर्ट व कागदाची रुंदी निवडून चाचणी पान छापले जाते.

दोष व निवारण
अनेक प्रिंटरांमध्ये फीडचे बटण दाबून धरून प्रिंटर चालू केल्यास संगणकाविना स्वयंचाचणीची पावती निघते. ती नीट छापली गेल्यास दोष केबल, पोर्ट किंवा ड्रायव्हरमध्ये शोधावा लागतो.

* छपाई न होणे: प्रिंटर ‘ऑफलाइन’ असणे, रांगेत जुने काम अडकणे किंवा यूएसबी केबल दुसऱ्या खाचेत लावल्याने पोर्ट बदलणे.
* उजवीकडील आकडे कापले जाणे: ड्रायव्हरमध्ये कागदाची चुकीची रुंदी निवडलेली असणे.
* पावती कोरी निघणे: कागदाचे रीळ उलटे बसवलेले असणे.

औष्णिक पावतीवरील छपाई ऊन व उष्णतेने पुसट होते. त्यामुळे संगणकातील नोंदी व त्यांची प्रत जतन करणे आवश्यक असते.